ओमायक्रॉनच्या आठवड्यात न्यूअर्कला

शुक्रवार, २६ नोव्हेंबर २०२१

लेकीचे दिवस भरत आलेले आणि आमचं तिकीट ७ डिसेंबरचं. मुंबईहून थेट न्यूअर्क, पहाटे दीडचं विमान. ती असते न्यू जर्सीत, एडिसनला. डॉक्टरांनी तारीख दिलेली नाताळच्या आसपासची. खरं तर दसरा झाला की निघायचं मनात होतं, पण ४ मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्या आमच्यासारख्या टुरिस्ट व्हिसावाल्यांना दार लावून घेतलं होतं. ते उघडलं ८ नोव्हेंबरला, तेही लशीचे दोन्ही डोस झालेल्यांनाच. २०१७ साली काढलेला दहा वर्षांचा व्हिसा हाताशी होता म्हणून जमलं, नाहीतर ह्या काळात नव्याने व्हिसा काढायचं नावच नको.

त्यातही आमच्या घरात दोन पक्ष. मी कोव्हिशील्डवाली, हे कोव्हॅक्सिनवाले. कोव्हिशील्डला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता फेब्रुवारीतच मिळाली होती. कोव्हॅक्सिनला मिळाली ३ नोव्हेंबरला, म्हणजे दार उघडायच्या जेमतेम पाच दिवस आधी. तोवर "तू हो पुढे, मी बघतो नंतर" हे वाक्य आमच्याकडे रोज चहाबरोबर ठरलेलं.

आज टीव्हीवर एकापाठोपाठ दोन बातम्या. १५ डिसेंबरपासून नियमित आंतरराष्ट्रीय विमानं पुन्हा सुरू होणार, ही पहिली. (ती मार्च २०२० पासून बंदच आहेत. आमचं विमान 'एअर बबल'च्या, म्हणजे दोन देशांनी आपसात ठरवून मोजकी विमानं चालवायच्या, करारातलं.) आणि रात्री उशिरा दुसरी, की आफ्रिकेतून कळवलेल्या विषाणूच्या नव्या अवताराला ओमायक्रॉन असं नाव ठेवलं. हे म्हणाले, "ह्यातली एकच टिकणार बघ." टीव्ही बंद करून झोपायला गेले. मला काही झोप लागली नाही.

शनिवार-रविवार, २७ आणि २८ नोव्हेंबर

दोन दिवस नुसते कागद.

माझ्या आधार कार्डावर माझं नाव, ह्यांचं नाव, आडनाव असं सरळ एका ओळीत आहे. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा आणि उरलेली दोन नावं दुसऱ्या रकान्यात. तिकिटावर त्या दोन नावांमधली जागा गायब होऊन एक लांबलचक दाक्षिणात्य वाटावं असं नाव तयार झालेलं. लशीचं सर्टिफिकेट आधारवरून निघालेलं, म्हणून ते पासपोर्टला जोडून घ्यायचं काम आधी. कोविनच्या साइटवर तक्रार नोंदवायची जागा आहे, तिथेच पासपोर्ट नंबर जोडायचीही सोय आहे. पण ही संधी एकदाच, असा इशारा दिसल्यावर बोट बटणावर टेकवायच्या आधी मी नंबर मोठ्याने वाचला, ह्यांनी पासपोर्टमध्ये बघून तपासला, मग ह्यांनी वाचला आणि मी तपासला. नवं सर्टिफिकेट लगेच उतरवता आलं. त्यावर पूर्वी नुसतं वय असायचं, आता पूर्ण जन्मतारीखही येते. परदेशी जाणाऱ्यांसाठी सप्टेंबरअखेर केलेली ही सुधारणा.

ह्यांचा पासपोर्ट नवा आणि व्हिसा जुन्या, कोपरा कापलेल्या पासपोर्टात. दोन्ही एकत्र रबरबँड लावून ठेवले. व्हिसाची मुदत शिल्लक असली की जुना पासपोर्ट नव्याबरोबर चालतो, फक्त दोन्ही जवळ हवेत.

फाइलमधला क्रम ह्यांनी ठरवला. वर तिकीट, मग लशीची सर्टिफिकेटं, मग व्हिसाची झेरॉक्स, विमा, औषधांच्या चिठ्ठ्या. एक कप्पा मुद्दाम रिकामा ठेवलाय. तो कोरोना टेस्टच्या रिपोर्टसाठी. नियम साधा होता: विमान सुटण्याच्या दिवसाआधी तीन दिवसांच्या आत टेस्ट. आम्ही ४ डिसेंबरला सकाळची वेळ घेतलेली, शनिवारी नमुना, रविवारी रिपोर्ट, सोमवारी आरामात प्रस्थान.

विम्याचं थोडं सांगते, कारण ह्यावर कोणी बोलत नाही. एजंट फोनवर "कोविड कव्हर आहे काकू, निश्चिंत राहा" म्हणाला. मी विचारलं, दवाखान्यात दाखल झालं तर, की हॉटेलात वेगळं राहावं लागलं तरी? तिकीट पुढे ढकलावं लागलं तर? आणि ह्यांच्या जुन्या बीपीचं काय? मग म्हणाला, लेखी पाठवतो. लेखी आल्यावर कळलं की पहिल्यालाच पैसे मिळणार, बाकीच्याला नाही. निदान माहीत तरी झालं.

मंगळवार, ३० नोव्हेंबर

बॅगा भरल्या. माणशी तेवीस किलोच्या दोन. बाळंतिणीचं सामान जड असतं हे पुरुषांना कळत नाही. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, मेथकूट, बाळंतशेपा, सुंठ, खारकेची पूड. लेकीने फोनवर यादी तपासली. कच्चं बी आणायचं नाही, फळं आणायची नाहीत, तूप इथे मिळतं, आणि कस्टम्सवाल्याने खायचं काही आहे का विचारलं तर सरळ हो म्हणायचं. वेखंड आणि जायफळ मी विचारलंच नाही. आमच्या दोघांच्या गोळ्या चार महिन्यांच्या, हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलेलं, कारण आपल्याकडची कंपनीची नावं तिकडे कोणाला ठाऊक नसतात.

ऑक्सिमीटर घेतला. मास्क एन-९५, पण झडपेचे नकोत, ते विमानात चालत नाहीत. ह्यांच्याकडे झडपेचे अर्धा डझन होते. ते त्यांनी मोठ्या दुःखाने इस्त्रीवाल्याला दिले.

कामाला येणाऱ्या मावशींना शनिवारपासूनच पगारी सुट्टी दिली आहे. दूध पिशवीचं, पेपर बंद, भाजी दाराबाहेर. सोसायटीतले लोक आमच्याकडे जरा विचित्रच बघतात. पुण्यात सगळं सुरू झालंय, हॉटेलं भरलेली, आणि हे दोघं मार्च २०२० मध्ये राहतायत. पण आमचा हिशोब सरळ आहे. इतके दिवस सांभाळलं आणि आता नेमकी टेस्ट पॉझिटिव्ह आली, तर विमान गेलं. मग बरे होऊन डॉक्टरांचं पत्र घेऊन जायची सोय नियमात आहे, पण तोवर बाळ आलेलं असणार.

बुधवार, १ डिसेंबर

१५ तारखेपासून विमानं सुरू करायचा निर्णय मागे घेतला. ह्यांनी माझ्याकडे फक्त पाहिलं.

आज दुसरं एक अवघड काम उरकलं. चुलत दिरांच्या मुलीचं लग्न आहे ५ तारखेला सांगलीत. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, आणि गेली दोन वर्षं खोळंबलेली सगळी लग्नं ह्या मोसमात उरकून घेतायत. बंद हॉलमध्ये निम्म्या क्षमतेचा नियम शासनाने परवाच काढलाय, पण निम्मे म्हणजे तरी किती! मी फोन केला. जाऊबाई आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "वहिनी, दोन्ही डोस झालेत ना सगळ्यांचे? देवकाला तरी या. नाकाला पदर लावून बसा." मी म्हटलं, डोस झालेल्यालाही होतो, आणि मला काही झालं नाही तरी टेस्टमध्ये आला की संपलं. "म्हणजे आमच्याकडे आलं की कोरोना होतो, असंच ना?" ह्यावर काय बोलणार? आहेर गूगल पेवर पाठवला. तो त्यांनी दोन दिवस बघितलासुद्धा नाही.

प्रवासाच्या तयारीत हे कुठल्याच यादीत नसतं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

सकाळी साडेसहाला लेकीचा फोन. इतक्या लवकर तिचा फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. "आई, घाबरू नकोस, मी ठीक आहे. टेस्टचा नियम बदललाय."

काल तिकडे राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं की आता तीन दिवस नाहीत, एकच दिवस. लस घेतली असो वा नसो, सगळ्यांना. लागू कधीपासून, तर ६ डिसेंबर, त्यांच्याकडची मध्यरात्र उलटल्यापासून. म्हणजे आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेदहा. आमचं विमान त्यानंतर पंधरा तासांनी. एकच दिवस आधीचं तिकीट असतं तर सुटलो असतो.

आता हा एक दिवस म्हणजे नेमका किती, ह्यावर घरात दुपारपर्यंत वाद. हे म्हणतात चोवीस तास. जावई म्हणतात चोवीस तास नाहीत. मी त्यांच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, सीडीसीच्या, पानावरचं इंग्रजी हळूहळू वाचलं, लेकीकडून परत वाचून घेतलं. तास मोजायचेच नाहीत, तारीख मोजायची. विमान ज्या तारखेला सुटतं त्याच्या आदल्या तारखेचा नमुना हवा, मग तो पहाटे दिलेला असो की रात्री. म्हणजे विमानाच्या वेळेवर काही अवलंबून राहू नये, ही त्यामागची कल्पना. चांगली आहे. पण आमचं विमान सुटतं रात्री दीडला. सगळे म्हणतात सोमवारी रात्रीचं विमान, तिकिटावर मात्र तारीख मंगळवारची, ७. म्हणून नमुना सोमवारचाच हवा, ६ तारखेचा. हेच विमान दोन तास आधी, सोमवारी साडेअकराला सुटत असतं, तर रविवारी नमुना देऊन मोकळे झालो असतो. मध्यरात्रीनंतरच्या दीड तासाने आमचा आख्खा दिवस खाल्ला.

आणि तो सोमवार म्हणजे चिंचवडहून मुंबईला जायचा दिवस. विमानतळावर तीन-चार तास आधी पोचायचं, म्हणजे रात्री साडेनऊ-साडेदहाला. घरून निघायचं चारच्या आत. मग नमुना कधी द्यायचा आणि रिपोर्ट कधी मिळायचा?

लॅबला फोन. "चोवीस ते छत्तीस तास, मॅडम." दुसऱ्या लॅबला. "बघू, सांगता येत नाही." तिसऱ्या ठिकाणी एका मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काकू, सकाळी सातला घरी माणूस पाठवते, साडेआठच्या बॅचला लावला तर संध्याकाळी पाच-सहापर्यंत येतो. पण मी लिहून देऊ शकत नाही." लिहून नको म्हटलं, तुम्ही पाठवा.

विमान कंपनीच्या हेल्पलाइनवर पाऊण तास गाणं ऐकल्यावर एकाने सांगितलं, आरटी-पीसीआरच लागेल. सीडीसीच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं, अँटीजेनही चालेल. परत फोन केला तर दुसरा म्हणाला, दोन्ही चालतात. तेव्हा ठरवलं: सकाळी आरटी-पीसीआर, दुपारी निघायच्या आधी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये अँटीजेन, तिचा कागद हातात घेऊनच गाडीत बसायचं. आणि अगदीच गडबड झाली तर मुंबई विमानतळावर तपासणीची सोय आहे. रिकामा कप्पा एकच ठेवला होता, आता दोन लागणार.

रविवार, ५ डिसेंबर

काल डोंबिवलीत राज्यातला पहिला ओमायक्रॉन रुग्ण. आज संध्याकाळी आणखी सात, त्यातले सहा पिंपरी-चिंचवडचे आणि एक पुण्याचा. म्हणजे आमच्याच महापालिकेत! सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या तासात ऐंशी मेसेज. कोणती इमारत, कोणता रस्ता, कोणाला काही माहीत नाही आणि सगळ्यांना सगळं माहीत. परवापर्यंत आम्हाला हसणाऱ्या शेजारच्या काकूंनी दारातूनच, पूर्ण तोंड झाकून, विचारलं, "तुम्ही कुठे गेला नव्हता ना एवढ्यात?"

मला भीती वेगळीच. उद्या दुपारपर्यंत अमेरिकेने परत दार लावून घेतलं तर? दक्षिण आफ्रिका आणि आसपासच्या देशांना त्यांनी २९ नोव्हेंबरलाच बंदी घातलीय. मध्येच उठून लेकीला विचारलं, काही नवीन? "नाही आई, झोप." सांगलीचं लग्न सकाळी यूट्यूबवर बघितलं. मंगलाष्टकं ऐकू येत होती, चेहरे दिसत नव्हते, अर्ध्या लोकांचे मास्क हनुवटीला.

सोमवार, ६ डिसेंबर

सात वाजता मुलगा आला. किट अंगावर चढवायला त्याने जिन्यातच सुरुवात केली होती. ह्यांच्या नाकात काडी गेली तसे हे शिंकले आणि तो सवयीने एक पाऊल मागे सरला. मी त्याच्या हातातला फॉर्म मागून घेतला. रिपोर्टवर लॅब नेहमी छापते 'वय ६३, स्त्री'. तेवढ्याने भागत नाही. नावाबरोबर जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर हवा, टेस्टचा प्रकार हवा, आणि नमुना कधी घेतला ती तारीख हवी. ही शेवटची सगळ्यात महत्त्वाची, कारण रिपोर्टवर ठळक छापलेली तारीख बहुतेक वेळा रिपोर्ट निघाल्याची असते. त्याने दोन्ही पासपोर्टचे फोटो काढले आणि म्हणाला, "काकू, लिहितो ना मी, रोज चार-पाच अमेरिकावाले असतात." घरी येऊन नमुना घ्यायचे माणशी आठशे.

दुपारी दोनला अँटीजेन. पंधरा मिनिटांत दोघंही निगेटिव्ह, सहीशिक्क्यासह कागद. अर्धा जीव भांड्यात पडला.

पावणेचारला निघालो. गाडीवाल्या दादांनी खिडक्या उघड्या ठेवल्या आणि ते लोणावळ्यापर्यंत आजच्या चैत्यभूमीच्या गर्दीबद्दल आणि दादरच्या बंद रस्त्यांबद्दल बोलत राहिले. आम्हाला दादरला जायचंच नव्हतं. घाटात रेंज जाते, येते. पाच दहाला ह्यांचा फोन वाजला: त्यांचा रिपोर्ट, निगेटिव्ह. माझा नाही. आता ह्याचा अर्थ काय लावायचा? एकाचा आला आणि दुसऱ्याचा नाही आला की माणूस जे समजायचं तेच समजतो. हे "एकाच वेळी निघत नाहीत गं" म्हणत होते, पण त्यांचाही पाय सारखा हलत होता. खालापूरच्या टोलनाक्याशी माझा आला. निगेटिव्ह.

मग मी चष्मा लावून दोन्ही रिपोर्ट अक्षर अन् अक्षर वाचले. ह्यांच्या पासपोर्ट नंबरातलं पहिलं अक्षर झेड. रिपोर्टवर तिथे दोनचा आकडा. भारतीय पासपोर्टचा नंबर अक्षराने सुरू होतो हे लॅबमध्ये कोणाच्या लक्षात आलं नसावं. त्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "अगंबाई, थांबा." पनवेल येईस्तोवर दुरुस्त रिपोर्ट फोनवर हजर. माझी ह्या सगळ्या प्रवासातली सगळ्यात आवडती व्यक्ती कोण, तर ती. तिचं तोंडही मी पाहिलेलं नाही.

फोनवरचा रिपोर्ट चालतो असं नियमात आहे. पण ह्यांना कागद हवा. कळंबोलीत गाडी आत घेऊन झेरॉक्सचं दुकान शोधलं, चार प्रती काढल्या, तेव्हा कुठे त्यांनी दशमीला हात लावला.

विमानतळाच्या टी-टूच्या, म्हणजे टर्मिनल दोनच्या, दारात पासपोर्ट आणि तिकीट, मास्क एक क्षण खाली. काउंटरवर लांब रांग आणि रांगेत रडवेले चेहरे. आमच्या पुढच्या तरुण मुलाकडे शनिवारचा रिपोर्ट होता, तीन दिवसांच्या नियमातला. नियम आज बदलला हे त्याला काउंटरवर कळत होतं. त्याला विमानतळावरच्या तपासणीकडे पाठवलं. वेळ होता, झालं असावं त्याचं काम. नंतर तो मला बोर्डिंगच्या गर्दीत लांबून दिसल्यासारखा वाटला. आमचे कागद बघणाऱ्या मुलीने बाकी काही न बघता आधी नमुन्याच्या तारखेवर बोट ठेवलं. ६ डिसेंबर. मग पासपोर्ट नंबर, अक्षरासकट. मग लशीची सर्टिफिकेटं, ह्यांच्या कोव्हॅक्सिनवर क्षणभर थांबून यादीत बघितलं, मान हलवली. एक प्रतिज्ञापत्र भरून घेतलं, की आमची टेस्ट निगेटिव्ह आहे आणि आम्ही लस घेतली आहे, खोटं असल्यास वगैरे. तिकडचा पत्ता आणि फोनही लिहून घेतला, विमानात कोणी पॉझिटिव्ह निघालं तर शोधायला. अँटीजेनचे कागद कोणी विचारले नाहीत.

मंगळवार, ७ डिसेंबर

सोळा तासांत सांगण्यासारखं फार नाही. मधल्या सीटवर मी, म्हणून मला वरून घालायला पांढरा गाऊन. शेजारच्या बाईंनी जेवण येताच मास्क काढला, तेव्हा मी माझं झाकण लावून ठेवलं आणि त्यांचं पूर्ण झाल्यावर जेवले. गार झालेलं होतं, पण विमानातलं गरम तरी काय असतं?

न्यूअर्कला उतरलो तेव्हा तिथेही मंगळवारच, सकाळ. इमिग्रेशनवाल्याने विचारलं, किती दिवस, कोणाकडे. कस्टम्सवाल्याने विचारलं, खायचं काय आहे. मी म्हटलं, लाडू. त्याने "स्वीट्स?" म्हणून जाऊ दिलं. रिपोर्ट, सर्टिफिकेट, फाइल, काही नाही; हे ती दोन्ही हातांत उघडून उभे होते.

लेक गाडीत पुढे, खिडक्या खाली, दोन मास्क. पोट केवढं दिसत होतं! जवळ घ्यायला पुढे झाले तर हात करून थांबवलं. "आई, शुक्रवारपर्यंत वरची खोली. तीन ते पाच दिवसांनी टेस्ट करायला सांगितलंय, मी किट आणून ठेवलंय." मला क्षणभर रागच आला. मग वाटलं, मीही जाऊबाईंना दुसरं काय सांगितलं होतं?

शुक्रवार, १० डिसेंबर

तीन दिवस ताट दाराबाहेर आणि बोलणं फोनवर, एकाच घरात. आज सकाळी दोघांनी नाकात काडी फिरवली, जावयांनी दारातून सूचना वाचून दाखवल्या. पंधरा मिनिटांनी दोघांची एकेकच रेघ. खाली आल्याआल्या मी तिच्या पायावरची सूज बघितली आणि हे लाडवांचा डबा शोधायला लागले.

परतीचं तिकीट मार्चचं आहे. त्यासाठी भारत सरकारच्या एअर सुविधा पोर्टलवर फॉर्म भरायचा, आधीच्या चौदा दिवसांत कुठे कुठे गेलो ते लिहायचं, टेस्ट बहात्तर तासांच्या आतली, आणि ते खरंच तास आहेत. जावई म्हणाले, तोवर बदलेल. हे म्हणाले, तरी फाइल करून ठेवू.